मागच्या दोन खोल्या रिकाम्या राहू नयेत म्हणून

मी, खाली सही करणारी, धंदा लॉन्ड्री, राहणार त्याच लॉन्ड्रीच्या वर, वय सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेलेले, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट जो भेटला त्याने मला असे काही करू नका म्हणूनच सांगितले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्या मुलाला त्याबद्दल शंका होती, म्हणून त्याच्याच आग्रहाने डॉक्टरांनी मला तपासले. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी करत गेले आणि ते 'पुरे' म्हणाले तरी थांबले नाही. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

वकीलबाईंनी मला एक मसुदा करून दिला होता. तो चांगला होता, पण त्यात मी कुठे नव्हते. मृत्युपत्रात इतके बोलू नये असे त्यांचे मत आहे. कायद्याला बाध येणार नाही एवढे त्यांनी पाहावे, बाकीचे माझे मला बोलू द्यावे.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द होते. त्यात मी इमारतीचा मागचा भाग आमच्या प्रार्थनामंडळीला बिनशर्त दिला होता. मी या मंडळीत जन्मले, तिथेच माझे लग्न लागले. तेव्हा माझा देवावर आणि मंडळीवर सारखाच विश्वास होता. आता देवावर विश्वास आहे आणि मंडळीवर अटी आहेत. त्या पुढे येतील.

कलम पहिले. माझी मिळकत कोणती ते आधी सांगते. कोपऱ्यावरची एक मजली इमारत माझ्या एकटीच्या नावावर आहे. खाली लॉन्ड्री. वर रस्त्याच्या बाजूला मी राहते त्या खोल्या, आणि मागे अंगणाकडे उघडणाऱ्या दोन खोल्या. त्यांना वेगळा जिना, वेगळी मोरी आणि स्वयंपाकाचा वेगळा ओटा आहे. ही इमारत मी आणि माझ्या नवऱ्याने लोकांचे मळके कपडे धुऊन उभी केली. तो इस्त्री करायचा, मी गिऱ्हाइके सांभाळायची. तो बोलणारा नव्हता. दिवसभर वाफेत उभा राहून जेवताना 'मीठ' एवढे जरी म्हणाला, तरी आज गडी रंगात आला असे आम्ही समजायचो. त्याच्या वाट्याचे बोलणे मला करावे लागले. ती सवय अजून सुटलेली नाही, हे वाचणाऱ्याला एव्हाना कळले असेल.

कलम दुसरे. रस्त्याच्या बाजूच्या खोल्या, पुढच्या कलमांत दुसऱ्यांना दिलेल्या वस्तू सोडून बाकी सामानासकट, माझ्या मुलाला. तो दुसऱ्या शहरात असतो, विम्याच्या कंपनीत आहे, आणि त्याला वाफेचा वास सहन होत नाही. मुलगा वाईट नाही. त्याला जागा दिसली की तिचा भाव दिसतो, एवढेच. त्याच्या या स्वभावाचा उपयोग मी चौथ्या कलमात केला आहे.

कलम तिसरे. लॉन्ड्री, तिच्यातली यंत्रे, वाफेची इस्त्री, काउंटर, गिऱ्हाइके आणि दुकानाचे नाव मी धाकटीला देते. धाकटी माझी नात्याने कोणी नाही. ती या देशात जन्मलेलीही नाही. ती माझ्या दुकानात कशी आली हे सांगितल्याशिवाय हे कलम माझ्या मुलाला पटणार नाही. सांगूनही पटेलच असे नाही, पण लिहिलेले असावे.

एका रविवारी आमच्या उपदेशकांनी परक्याला आपले म्हणण्यावर प्रवचन केले. उपदेशकांची वाणी फार गोड आहे. त्या दिवशी तर आमचे अध्यक्ष, ज्यांची लाकडाची वखार आहे आणि जे सहसा प्रवचनात डुलक्या घेतात, तेही खिशात रुमाल शोधत होते. लढाईतून जीव वाचवून आलेल्या एका कुटुंबाला मंडळीने आधार द्यायचा असे ठरले. कोणाची तयारी आहे असे विचारल्यावर सगळे हात वर गेले. मी मागे वळून ते हात पाहिले आणि मला भरून आले.

कुटुंब आले. नवरा फरश्या बसवणारा, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि शाळेत जाण्याच्या वयाची मुलगी. नवऱ्याला आम्ही फरशीवाला म्हणू लागलो. बायकोला तिची सासू त्यांच्या भाषेत 'धाकटी' अशा अर्थाची हाक मारायची, तीच आम्ही उचलली. फुले दिली, गाणे म्हटले, सगळ्यांचा मिळून फोटो काढला. तो फोटो प्रार्थनाघराच्या दाराशी अजून टांगलेला आहे. चौकटीत बसावा म्हणून त्याची एक कड कापली आणि त्या कडेला म्हातारी उभी होती. हे मी अनेकदा सांगितले. करू, पाहू, असे उत्तर मिळाले.

मग कपड्यांची बोचकी आली. धुण्यासाठी अर्थात माझ्याकडे. त्यात टिकल्या लावलेला पार्टीचा झगा होता, कोपरे विरलेले कोट होते, एकेकटे मोजे होते, आणि अध्यक्षांच्या घरून आलेली पोहण्याची टोपी होती. कडाक्याच्या थंडीत आलेल्या माणसांना पोहण्याची टोपी! धुण्यासारखे होते ते मी धुतले. उरलेले कडक इस्त्री करून ज्याच्या त्याच्या घरी परत पाठवले आणि वर धुलाईचे बिल लावले. त्यावरून काही घरे माझ्याशी बोलेनाशी झाली. त्यांना मी काहीही ठेवत नाही.

कुटुंबाला राहायला प्रार्थनाघराच्या मागची खोली दिली होती. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. कांदा परतला की वास सभागृहात येतो. मुलगी गाणी चालू असताना पळते. म्हातारी पायरीवर बसते, आणि लोकांना तिला ओलांडून जावे लागते. शेवटी अध्यक्ष म्हणाले की वर्धापनदिनाच्या सजावटीचे सामान ठेवायला ती खोली लागणार. मी कोणाशी वाद घातला नाही. माझ्या मागच्या दोन खोल्या भाडेकरू गेल्यापासून रिकाम्या होत्या. जिना झाडला आणि त्यांना घेऊन आले.

आता मुख्य गोष्ट. या लोकांना नेमल्या दिवशी परवाना कचेरीत हजेरी द्यावी लागते. काचेमागचा माणूस प्रश्न विचारतो, फोनवरून दुभाषा बोलतो, आणि उत्तर चुकले तर माणूस परत येत नाही. म्हणून मंडळीने ठरवले होते की दर वेळी आपल्यातले कोणीतरी सोबत जाईल. पहिल्या खेपेला इतके लोक गेले की कचेरीच्या शिपायाला वाटले वऱ्हाड आले. दुसऱ्या खेपेला निम्मे. मग कोणाचे गुडघे दुखू लागले, कोणाकडे पाहुणे आले, कोणाची गाडी गॅरेजात गेली. आमच्या वस्तीत एका हंगामात इतक्या गाड्या त्याआधी कधी बिघडल्या नव्हत्या.

ज्या दिवशी घात झाला त्या दिवशी पाळी अध्यक्षांची होती. वखारीत लाकूड उतरवून घ्यायचे होते म्हणून ते गेले नाहीत. तसे त्यांनी कोणाला कळवलेही नाही. कळवले असते तर मी दुकानाला कुलूप लावून गेले असते. फरशीवाला कचेरीच्या दाराशी वाट पाहत उभा राहिला आणि शेवटी एकटाच आत गेला. फोनवरचा दुभाषा त्यांच्या शेजारच्या मुलखाची बोली बोलणारा होता. फरशीवाल्याची एक खोड आहे. त्याला समजले नाही की तो आदराने 'हो' म्हणतो. त्याला विचारले, इथे येण्याआधी दुसऱ्या देशात आसरा मागितला होतास का? तसा मागितला असेल तर इथे आसरा मिळत नाही. त्याने मागितला नव्हता. तो आदराने 'हो' म्हणाला. तिथूनच त्याला गावाबाहेरच्या कोंडवाड्यात नेले. त्या जागेचे सरकारी नाव वेगळे आहे. मी कोंडवाडाच म्हणणार.

नंतर वकीलबाईंनी मला सांगितले, "याला प्रश्न कळलेला नाही, एवढं एक वाक्य बोलायला शेजारी कुणी असतं, तर तो जेवायला घरी आला असता."

हे वाक्य मी त्यानंतर भांडी घासताना, कपडे पिळताना, अंथरुणावर पडल्या पडल्या मनात म्हणत आले आहे. मला राग आवरता येत नाही, आणि आवरायची इच्छाही उरलेली नाही.

मंडळीची सभा भरली. अध्यक्ष म्हणाले की आपण कायदा मानणारी माणसे आहोत आणि हे प्रकरण आता आपल्या आवाक्याबाहेर गेले. पुढे असेही म्हणाले की त्या माणसाने स्वतःच 'हो' म्हटले आहे, तेव्हा त्यात काही तथ्य असणारच. स्वतःच्या पाळीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. उपदेशकांनी सर्वांना प्रार्थना करायला सांगितले. सर्वांनी केली, मीही केली. डोळे उघडून पाहते तर मागच्या बाकाशी धाकटी उभी राहिलेली. तोवर तिला आमची भाषा फार येत नव्हती. जे येत होते त्यात तिने विचारले, "उद्या माझ्याबरोबर कोण येणार?"

त्या रविवारी वर गेलेले हात आता मांड्यांखाली होते. मी म्हटले, मी येते. आणि समोरच्या रांगेतून संगीतबाईंचा आवाज आला, "मीही येते. पण हिच्या शेजारी बसणार नाही."

संगीतबाई म्हणजे आमच्या गायकवृंदाला शिकवणाऱ्या बाई. त्यांचे आणि माझे काय आहे ते सहाव्या कलमात येईल. कचेरीत बसायला एकच बाक होता, त्यामुळे त्यांना माझ्या शेजारीच बसावे लागले.

त्यानंतर आम्ही दोघी धाकटीबरोबर जात राहिलो. कचेरीत, वकिलांकडे, मुलीच्या शाळेत, कोंडवाड्याच्या फाटकापर्यंत. आम्ही फार काही केले असा कोणी समज करून घेऊ नये. आम्ही बसलो. काचेमागचा माणूस धाकटीशी एकटीशी जसा बोलायचा, तसा दोन म्हाताऱ्या टक लावून बघत असल्यावर बोलायचा नाही. तो भराभरा बोलू लागला की संगीतबाई पोरांना सूर लावायला सांगावे तशा म्हणायच्या, "पुन्हा सांगा, हळू सांगा. तिला कळलं पाहिजे." तो पुन्हा सांगायचा. एवढेच काम होते. त्याला ना शिक्षण लागते, ना मोठे मन. बूड टेकता आले की पुरे. आणि एवढ्यासाठी एवढ्या मोठ्या मंडळीतून दोन माणसे मिळावीत, तीही एकमेकींचे तोंड न पाहणारी!

धाकटी एके दिवशी मागचा जिना उतरून दुकानात आली आणि म्हणाली, "वर बसलं की डोकं फिरतं. काम द्या." मी दिले. सुरुवातीला तिने शर्ट जाळले, एका गिऱ्हाइकाची पँट दुसऱ्याला दिली, आणि ओरडा खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झाली. आता दुकान तीच चालवते आणि मी तिच्या कामात लुडबूड करते. म्हणून लॉन्ड्री तिला. कायद्याने तिच्या नावावर करता येत नसेल, तर येईपर्यंत वकीलबाईंनी ती तिच्यासाठी सांभाळावी. त्या कुटुंबाला हा देश सोडावा लागला, तर दुकान विकून जे येईल ते ती असेल तिथे पोचवावे.

कलम चौथे. मागच्या दोन खोल्या मी प्रार्थनामंडळीलाच देते. हे वाचून मंडळी चकित होईल. मी स्वतःही झाले आहे. पण आपल्या माणसांवर रुसून त्यांना मोकळे सोडणे मला पटत नाही. त्यांनी हात वर केले होते. ते मी पाहिले आहेत. अटी अशा:

फरशीवाल्याचे कुटुंब आपणहून जाईपर्यंत तिथेच राहील. त्यांच्यानंतर त्या खोल्यांत परक्या मुलखातून नव्याने आलेलेच कुटुंब राहील. त्यांनी तिथे काय शिजवावे आणि त्याचा वास कुठपर्यंत जावा, यावर कोणाचे म्हणणे ऐकले जाणार नाही. सजावटीचे सामान, जुनी बाके, नाटकाचे पडदे यांतले काहीही तिथे ठेवायचे नाही. आल्या आल्या त्यांचा फोटो काढायचा नाही. ओळख झाल्यावर त्यांनी म्हटले तर काढावा, आणि कडा न कापता लावावा.

त्या कुटुंबाला कचेरी, न्यायालय, दवाखाना, शाळा, जिथे कुठे बोलावणे येईल तिथे मंडळीतला एक तरी माणूस सोबत जाईल, आत बसेल, आणि त्यांना घेऊनच परत येईल. दाराशी सोडून येणे म्हणजे सोबत नव्हे. ज्याची पाळी त्याला जमत नसेल, तर त्याने आपल्या जागी दुसरा माणूस उभा करून मगच घरी बसावे. जो कोणी मंडळीचा अध्यक्ष असेल, त्याला मात्र ही बदलीची सवलत नाही.

यातली कोणतीही अट मोडली, किंवा खोल्या सलग वर्षभर रिकाम्या राहिल्या, तर त्या दोन्ही खोल्या ताबडतोब माझ्या मुलाच्या मालकीच्या होतील आणि त्याने त्या खुशाल विकाव्यात.

ही शेवटची ओळ वाचून वकीलबाई हसल्या. मी गमतीने लिहिलेली नाही. धर्माने मंडळीला जागे ठेवण्याचा प्रयत्न उपदेशकांनी करून पाहिला. आता माझ्या मुलाला करू द्या. तो दर सणासुदीला येऊन मागच्या जिन्यावर दिवा आहे का ते पाहील, कोण कोणाबरोबर कचेरीत गेले याची चौकशी करील, आणि डोळ्यांत तेल घालून एखाद्या चुकीची वाट पाहील. मी त्याला हे तोंडावर सांगितले आहे. तो म्हणाला, "आई, तू माझ्या हावरेपणावर भरवसा ठेवतेस?" मी म्हटले, "तुझा भरवसा वाटतो, म्हणूनच."

कलम पाचवे. माझ्या नवऱ्याचा लोकरीचा लांब कोट उपदेशकांना. कोंडवाड्याकडे जाणारी बस जिथे मिळते तिथे आडोसा नाही आणि वारा हाडांत शिरतो. कोट नसल्यामुळे त्यांना आजवर तिकडे जाता आले नसेल, असे मी धरून चालते. कोट ड्रायक्लीन केलेला आहे.

कलम सहावे. संगीतबाईंबद्दल. फार वर्षांपूर्वी गायकवृंदाचे पांढरे झगे माझ्या इस्त्रीने जळले असे त्यांनी चारचौघांत म्हटले होते आणि तेव्हापासून आमचा अबोला होता. ते झगे माझ्याकडे आले तेव्हाच त्यांवर मेणबत्तीने जळाल्याचे डाग होते, हे मी इथे कायदेशीररीत्या नोंदवून ठेवते. कचेरीच्या बाकावर आमचे सगळे बोलणे झाले, पण याबाबतीत त्या अजून एक पाऊल मागे येत नाहीत. मीही येत नाही.

त्यांना माझी खिडकीजवळची आरामखुर्ची द्यायचे माझ्या मनात होते. पण मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही देता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. मी संगीतबाईंना विचारले, खुर्ची हवी की सही करता? त्या म्हणाल्या, "खुर्ची मोडकी आहे तुमची. सही करते." म्हणून खुर्ची धाकटीच्या मुलीला. ती तिथे बसून अभ्यास करते आणि पाय खुर्चीच्या हातावर टाकते. टाकू द्यावेत.

कलम सातवे. बँकेत जे काही उरले असेल ते मागच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या वकिलीसाठी. मुलाच्या हातून ते जाऊ नये, मंडळीच्या हातून तर नाहीच. वकीलबाईंकडे राहील. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करायची आहे.

कलम शेवटचे. माझ्या देहाबद्दल.

फरशीवाला कोंडवाड्यात असताना त्याची आई गेली. म्हातारीची आणि माझी एकही भाषा सारखी नव्हती. ती दुपारी दुकानात येऊन बसायची. मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालता येत नाही. ती एक टोक धरायची, मी दुसरे, आणि चालत चालत आम्ही एकमेकींपाशी यायचो. ती तिच्या भाषेत मुलाबद्दल विचारायची, मी माझ्या भाषेत लवकर येईल म्हणून सांगायची. एका सकाळी धाकटीने मला वर बोलावले. म्हातारी झोपेतच गेली होती.

तिच्या मुलाला मातीला येऊ द्यावे म्हणून आम्ही अर्ज केला. परवानगी आली ती माती झाल्यानंतर.

दफनभूमी मंडळीची आहे. अध्यक्षांनी सांगितले की जागा फक्त सभासदांसाठी आहे, आणि म्हातारी सभासद नव्हती. पाहुण्यांसाठी नियमात तरतूद नाही, आमचा नाइलाज आहे. मी त्यांना विचारले की माझी जागा आहे ना, नवऱ्याच्या शेजारची, त्याच्याबरोबरच घेऊन ठेवलेली? ते म्हणाले, ती तर तुमचीच आहे. मी म्हटले, मग माझ्या जागेत कोणाला ठेवायचे ते मी ठरवते. त्यांनी नियम उलटसुलट करून पाहिले, पण असे काही आजवर कोणाला सुचलेच नसल्यामुळे त्याविरुद्ध नियमही नव्हता.

माझा मुलगा बातमी कळून आला. दफनभूमीच्या फाटकातच मला गाठून म्हणाला, "बाबांच्या शेजारची जागा तू परक्या बाईला दिलीस?"

मी म्हटले, "तिला आत्ता लागते आहे. मला अजून लागत नाही."

तो तोंड फिरवून उभा राहिला. पण पेटी उचलायची वेळ आली तेव्हा खांदेकरी पुरेनात. मंडळीतली थोडी माणसे आली होती, त्यांतली बरीच माझ्यासारखीच, स्वतः काठी टेकत चालणारी. माझ्या मुलाने कोट काढून माझ्या हातात दिला आणि पुढचा खांदा दिला. कबरीपर्यंत तो पुढेच होता. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. म्हणून इथे लिहिते, की मी ते पाहिले होते.

नवऱ्याचे मत विचारायची सोय नव्हती. जिवंत असतानाही फारशी नव्हती.

थंडी सरताना वकीलबाईंच्या प्रयत्नांना यश आले आणि फरशीवाला सुटला. खटला अजून संपलेला नाही, ते घोंगडे भिजतच पडले आहे. तूर्त राहायची परवानगी आहे, पुढचे पुढे. तो घरी आला, मुलीला उचलून घेतले, आणि तसाच दफनभूमीत गेला. धाकटी बरोबर गेली, संगीतबाई आणि मी फाटकाशी थांबलो. परत आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहून त्याच्या मोडक्यातोडक्या बोलण्यात म्हणाला, "मावशी, ही जागा मी परत कशी देऊ?"

मी म्हटले, "परत देण्यासारखी ती वस्तू नाही. जेवून घे."

तो जेवला, पण सुटीच्या दिवशी दफनभूमीत जाऊ लागला. त्याने दोन्ही कबरींभोवती मिळून एकच दगडी काठ बसवला. शेवटची लादी बसवल्यावर मला न्यायला आला. काठ सुरेख झाला आहे, पाणी कुठे साचत नाही. दोघांच्या पायथ्याशी त्याने काठ हवा त्यापेक्षा पुढे नेला होता. तिथली मोकळी माती त्याने हाताने सपाट केली, माझ्याकडे एकदा अंदाज घेतल्यासारखे पाहिले आणि म्हणाला, "इथे आडवी जागा होते. तुम्ही उंच नाही."

तर माझी शेवटची इच्छा अशी. मला तिथे ठेवावे, माझ्या नवऱ्याच्या आणि त्या म्हातारीच्या पायाशी, आडवे. अध्यक्षांनी कळवले आहे की दफनभूमीत सर्व कबरी एका दिशेने असतात आणि आडवी कबर शोभत नाही. त्यांनी मला भिंतीकडची एक सरळ जागा देऊ केली आहे, जिथे माळी पालापाचोळा टाकतो. ती मला नको. वकीलबाईंनी नियमावली अथपासून इतिपर्यंत पाहिली आहे. माणूस कोणत्या दिशेने निजावा याबद्दल तिच्यात एक शब्द नाही.

फार फुले आणू नयेत, माझ्या चांगुलपणावर प्रवचन करू नये. ज्यांना यायचे त्यांनी कबरीपर्यंत यावे. आणि त्या वेळी अध्यक्ष आडवे आले, तर संगीतबाईंनी त्यांना सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे की आडवे होण्याची पाळी आज माझी आहे, आणि मी ती चुकवणार नाही.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड कुठेही नाही. जिथे जास्त बोलले आहे तिथे जाणूनबुजून बोलले आहे. साक्षीदारांनी माझ्या देखत आणि मी त्यांच्या देखत सही केली आहे.

स्थळ: लॉन्ड्रीच्या वरची पुढची खोली.
दिनांक: सोमवार, दुकानाच्या सुटीचा दिवस. महिना व वर्ष वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

(सही) लॉन्ड्रीवाली

साक्षीदार पहिली: (सही) गायकवृंदाची शिक्षिका. झग्यांबाबतचा मजकूर मला मान्य नाही, बाकी सर्व माझ्यासमोर लिहिले गेले.

साक्षीदार दुसरे: (सही) डॉक्टर. लिहिणारी पूर्ण शुद्धीवर आहे.